गाविलगडच्या खडकाचे मापन : ओळंब्यापासून वेधनछिद्रापर्यंत

चिखलदरा या ग्रामनामाची उपपत्ती कीचकवधाच्या कथेशी जोडण्याचा प्रघात जुना आहे. भीमाने कीचकास मारून दरीत लोटले, म्हणून तो ‘कीचकदरा’, आणि त्याचेच पुढे चिखलदरा झाले, असे सांगितले जाते. जवळच्या वैराट शिखराचे नाव या कथेस पोषक ठरले असावे. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने मात्र ‘कीचक’पासून ‘चिखल’ साधणे अवघड आहे. आणि त्याची गरजही नाही. प्राकृतात ‘चिक्खल्ल’ हा शब्द याच अर्थाने आढळतो, ‘दरा’ हा शब्द मराठीत रूढच आहे, व पावसाळ्यात या पठारावर ज्याने पाऊल टाकले असेल त्यास अधिक पुराव्याची अपेक्षा राहणार नाही. हा चिखल म्हणजे येथील काळ्या खडकाचाच कालांतराने झालेला क्षय होय. ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. पृष्ठभागावर हाती येणारा दगड हा बहुधा असा अर्धवट कुजलेलाच असतो, आणि त्यावरून डोंगराच्या पोटातील खडकाविषयी अनुमान करणे हा या विषयाच्या इतिहासातील सर्वांत जुना व सर्वांत चिवट दोष आहे.

भूगर्भातील उष्णता वर आणून तिचा उपयोग करणे, किंवा उलट, वर नको असलेला कार्बन डायऑक्साइड वायू खडकात साठविणे, या दोन उद्योगांची चर्चा आज जगभर चालू आहे. दोहोंसही खडकाचे काही गुण अंकांत ठाऊक असावे लागतात : त्याची घनता, त्यातील पोकळीचे प्रमाण म्हणजे सच्छिद्रता, त्या पोकळ्यांतून द्रव किती सुलभपणे वाहतो ती पार्यता, उष्णतेची संवाहकता, ध्वनितरंगांचा वेग, चुंबकीय गुण. मेळघाटच्या दक्षिण अंगास भिंतीसारखी उभी असलेली गाविलगडची रांग या मापनाच्या इतिहासात फार लवकर येते.

इ. स. १८२३ हे वर्ष चिखलदऱ्याच्या संदर्भात नेहमी उद्धृत केले जाते, ते हैदराबाद कंटिन्जंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने हे ठिकाण ‘शोधून काढले’ म्हणून. कोरकू व गवळी यांची वस्ती असलेल्या आणि पंधराव्या शतकातील किल्ल्याच्या शेजारी असलेल्या स्थळाचा शोध लागला म्हणजे काय झाले, हा प्रश्न बाजूस ठेवू. त्याच वर्षी या टेकड्यांत दुसरा एक मनुष्य हिंडत होता, व प्रस्तुत विषयास तोच अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे नाव हेन्री वेस्ली व्हॉइझी. तो त्रिकोणमितीय मोजणी खात्यात शल्यवैद्य व भूवैज्ञानिक अशा दुहेरी नात्याने काम करीत होता. खात्याचा प्रमुख विल्यम लॅम्बटन हा जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे मरण पावला. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, व्हॉइझीस गाविलगडच्या रांगेत दगड बनलेले शिंपले सापडले. स्वतः व्हॉइझीही १८२४ मध्ये वारला. शिंपल्यांविषयीचा त्याचा निबंध ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या अठराव्या खंडात त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

लाव्हाच्या खडकात शिंपले सापडावेत, याचा अर्थ पुढील पिढ्यांच्या संशोधनाने स्पष्ट झाला. एक लाव्हाथर पसरून थंड झाला, त्यावर तळी साचली, त्यांत गोगलगाई वाढल्या, गाळ बसला, आणि मग वर दुसरा थर आला. म्हणजे हा डोंगर एकसंध शिळा नव्हे. ती एकावर एक रचलेल्या थरांची चळत आहे. दोन थरांमध्ये क्वचित गाळाचा पट्टा असतो, क्वचित खालच्या थराचा माथा भाजून व कुजून झालेली तांबडी माती असते. एका तुकड्यावरून चळतीचे गुण सांगता येत नाहीत, या सिद्धान्ताचे बीज व्हॉइझीच्या शिंपल्यांत होते, जरी त्याचा विचार त्या दिशेने गेलेला नव्हता.

लॅम्बटनचे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने चालविले. मध्यान्हरेषेच्या कंसाचे त्याने केलेले मापन १८३० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. या कंसावरील एक मुख्य ठाणे एलिचपूरच्या म्हणजे अचलपूरच्या बाजूस होते. मोजणीच्या कागदांत त्याचे नाव ‘टाकळ खेरा’ अशा धर्तीवर लिहिले आहे. वऱ्हाडात ते टाकरखेडा. येथे ताऱ्यांचे वेध घेऊन अक्षांश ठरवावयाचे होते, आणि त्यासाठी ओळंबा सरळ खाली लोंबणे आवश्यक होते. परंतु ठाण्याच्या उत्तरेस डोंगराचे प्रचंड वस्तुमान उभे होते. ते ओळंब्यास आपल्याकडे किंचित ओढीत असले पाहिजे, हा विचार एव्हरेस्टला करावा लागला. गवंड्याच्या हातातील साध्या साधनाने गाविलगडच्या पायथ्याशी उपस्थित केलेला हा प्रश्न वस्तुतः खडकाच्या भौतिक गुणाचा प्रश्न होता. डोंगराचा आकार मोजणी करून कळतो. परंतु त्याची ओढ काढावयाची तर तो किती जड आहे, म्हणजे त्याच्या खडकाची घनता किती, हे कळावे लागते.

या प्रश्नाचे पूर्ववृत्त स्कॉटलंडमध्ये घडले होते. नेव्हिल मॅस्किलिनने १७७४ मध्ये शीहॅलियन या डोंगराच्या दोन अंगांस ओळंबा लावून त्याचे ढळणे मोजले, आणि चार्ल्स हटनने त्यावरून पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेचारपट काढली. हटनने डोंगराच्या खडकाची घनता गृहीत धरली होती, मोजली नव्हती. ती उणीव पुढे जॉन प्लेफेअरने भरून काढली. त्याने डोंगरभर हिंडून निरनिराळ्या खडकांचे नमुने जमविले, त्यांची विशिष्ट गुरुत्वे काढली व १८११ मध्ये प्रसिद्ध केली. उत्तर ४.५६ व ४.८७ यांच्या दरम्यान सरकले. आज मान्य असलेला आकडा ५.५ च्या किंचित वर आहे. तेव्हा प्लेफेअरची दुरुस्ती योग्य दिशेने होती, आणि ती केवळ दगड वजन करून झालेली होती. खडकाचे गुण मोजण्याच्या शास्त्राचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु एका मोठ्या गणिताचे उत्तर दगडांच्या तागडीवर बदलले, असे हे पहिल्या काही उदाहरणांपैकी एक निश्चित आहे.

गाविलगडच्या बाबतीत हीच दुरुस्ती करावयाची तर अडचण वेगळी आहे. येथील भरीव बेसाल्टची घनता दर घन सेंटिमीटरला २.९ ग्रॅमच्या आसपास भरते. पोकळ्यांनी भरलेल्या थराची तीच २.४ किंवा त्याहूनही कमी भरू शकते. खडक तोच, रासायनिक घटना जवळजवळ तीच, आणि तरीही सहाव्या हिश्श्याचा फरक पडतो. डोंगरात कोणत्या प्रकारचे थर किती, हे मोजल्याशिवाय ‘बेसाल्टची घनता’ या शब्दप्रयोगास निश्चित अर्थच येत नाही.

विल्यम ब्लॅन्फर्ड याने तापी व नर्मदेच्या खोऱ्यांचे जे वर्णन भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यासाठी केले, ते १८६९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळापर्यंत ‘ट्रॅप’ ही संज्ञा पक्की रूढ झालेली होती. ती स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या ‘ट्रापा’ शब्दावरून आलेली आहे. देवी पॉइंटवरून समोरच्या उतारांकडे पाहणाऱ्यास ती चपखल वाटेल. कठीण थराचा कडा, मग मऊ थराचा उतार, पुन्हा कडा, अशा त्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. परंतु संज्ञा म्हणून तिचा दोषही येथेच आहे. ती डोंगराची आकृती सांगते, दगडाचे गुण सांगत नाही. आणि पायरीचा उभा भाग व आडवा भाग यांतील फरक, जो वास्तविक गुणांचाच फरक आहे, तो एकाच नावाखाली झाकून टाकते.

याच्या उलट विहिरी खणणाऱ्यांची मराठी पाहावी. तिला काळा पाषाण वेगळा, मुरूम वेगळा, मांजऱ्या वेगळा. मांजऱ्या म्हणजे पोकळ्यांचा, पांढऱ्या-हिरवट खड्यांनी भरलेला, पहारीस लवकर दाद देणारा खडक. काळा पाषाण लागला की सुरुंगाचा खर्च वाढतो व पाण्याची आशा उरते ती फक्त भेगांत. मांजऱ्या लागला तर काम सोपे जाते, आणि तो कुजलेला, फुटलेला असेल तर पाझरही मिळतो. या शब्दांमागे मापन आहे, ते पहारीच्या आघातांत व मजुरीच्या दिवसांत केलेले आहे इतकेच. सच्छिद्रता व पार्यता या दोन संज्ञा पाठ्यपुस्तकांत आल्या त्याच्या पुष्कळ आधी त्यांचा व्यवहार या बोलीत चालू होता. विद्यापीठीय परिभाषेने ‘ट्रॅप’ उसना घेतला आणि मांजऱ्याकडे लक्ष दिले नाही, ही गोष्ट शोचनीय खरी. तथापि बोलीचा फार गौरव करण्याचेही कारण नाही. ‘मांजऱ्या’ या एका शब्दात मोकळ्या पोकळ्यांचा खडक व झिओलाइट किंवा कॅल्साइटने बुजलेल्या पोकळ्यांचा खडक हे दोन्ही येतात, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे आजच्या प्रश्नास नेमका तोच भेद निर्णायक आहे.

उष्णतेच्या मापनाकडे वळताना पुन्हा एडिंबरोकडे पाहावे लागते. जेम्स फोर्ब्जने १८३७ च्या सुमारास तेथे तीन ठिकाणी जमिनीत सुमारे २५ फूट खोलीपर्यंत तापमापके पुरली. एक ठिकाण रेतीचे, दुसरे वालुकाश्माचे, आणि तिसरे कॅल्टन टेकडीवरील ट्रॅपचे होते. उन्हाळ्याची ऊब खाली पोहोचावयास किती महिने लागतात यावरून खडकाची उष्णता वाहण्याची क्षमता काढता येते. वालुकाश्मात ती सर्वांत अधिक निघाली, ट्रॅप मागे राहिला. विल्यम टॉमसन म्हणजे पुढील लॉर्ड केल्व्हिन याने ही टिपणे घेऊन संवाहकतेचे गणित केले, आणि १८६२ मध्ये पृथ्वीचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षे ठरविले. ते चुकले, तरीही खडकाची संवाहकता मोजल्यावाचून भूगर्भाच्या उष्णतेविषयी बोलता येणार नाही, हा त्याचा आग्रह शास्त्रात कायम राहिला.

भारतात प्रयोगशाळेतील मापनाची परंपरा दोन वाटांनी आली. पहिली चुंबकत्वाची. लाव्हा थंड होताना त्यातील लोहखनिजे तत्कालीन चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. इंग्लंडमध्ये ब्लॅकेट यांच्या प्रेरणेने झालेल्या कामात क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये भारतीय खडकांवरील निष्कर्ष मांडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी डॉइच यांच्यासह १९५९ मध्ये दक्षिण ट्रॅपवरील निबंध प्रसिद्ध केला. भारतभूमी दक्षिण गोलार्धातून उत्तरेस सरकली, या मतास या मापनांनी मोठे बळ दिले. प्रस्तुत संदर्भात या कामाची कार्यपद्धती अधिक लक्षणीय आहे. चुंबकत्वासाठी दगड नुसता उचलून आणून चालत नाही. तो डोंगरात कोणत्या दिशेने, कोणत्या कलाने, कोणत्या थरात होता, हे त्यावर खूण करूनच आणावे लागते. दगडास पत्ता असावा लागतो, ही शिस्त येथील खडकांच्या मापनात मुख्यतः या शाखेने आणली.

दुसरी वाट उष्णतेची. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. तेथील वर्मा, राव व गुप्ता यांनी सिंगभूममधील मोसाबनी खाणीत केलेले भूऔष्णिक प्रवाहाचे मापन १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. या मापनाची रीत तत्त्वतः सोपी आहे. खडकाची घासून सपाट केलेली चकती ज्ञात संवाहकतेच्या दोन चकत्यांमध्ये दाबून बसवितात. वर ऊन व खाली थंड पट्टी ठेवतात. उष्णता तिन्ही चकत्यांतून सारखीच वाहते. म्हणून कोणत्या चकतीत तापमान किती उतरले यावरून खडकाची संवाहकता प्रमाणाने निघते. भरीव बेसाल्टसाठी ती दर मीटर-केल्व्हिनला सुमारे १.७ वॅट येते. ग्रॅनाइटसाठी ती २.५ ते ३.५ असते. परंतु चकती वाळलेली की पाण्याने भिजविलेली, हे लिहून ठेवलेले नसेल तर सच्छिद्र खडकाचा आकडा निरुपयोगी ठरतो. पाण्याची संवाहकता ०.६ आहे आणि हवेची त्याच्या वीसपटींहून कमी. डोंगराच्या पोटातील पोकळी पाण्याने भरलेली, आणि प्रयोगशाळेच्या फडताळातील तीच पोकळी हवेने! जुन्या कोष्टकांतील कित्येक आकडे या एका खुलाशाअभावी आज वापरता येत नाहीत.

या सूक्ष्मतेचा व्यवहारात किती फरक पडतो, हे साध्या गणिताने दाखविता येते. दर चौरस मीटरमधून ४३ मिलिवॅट उष्णता वर येत आहे असे धरू. दक्षिण ट्रॅपच्या प्रदेशात या पातळीची मापे मिळालेली आहेत. १.७ संवाहकतेच्या ट्रॅपमध्ये तापमान दर किलोमीटरला सुमारे २५ अंशांनी वाढेल. ट्रॅप एक किलोमीटर जाड असून त्याखाली २.८ संवाहकतेचा ग्रॅनाइट असेल तर तेथे ही वाढ १५ अंशांवर येते. तीन किलोमीटर खोलीवर पृष्ठभागाहून ५५ अंश अधिक तापमान मिळेल. परंतु वरच्या ट्रॅपमधील वाढ तशीच खाली लांबविली तर कागदावर ७५ अंश दिसतात. हे वीस अंश कोणत्याही भूऔष्णिक योजनेची आशा उभी करावयास किंवा मोडावयास पुरेसे आहेत.

ट्रॅपखाली काय आहे हे पाहण्यास महाराष्ट्राला भूकंपांनी भाग पाडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तेथे घेतलेल्या ६१७ मीटरच्या वेधनछिद्रात ट्रॅप ३३८ मीटरवर संपला, त्याखाली पातळसा गाळखडकाचा थर लागला व मग प्राचीन रूपांतरित खडक. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. तेथील सुमारे ३ किलोमीटरचे पथदर्शी वेधन २०१७ मध्ये पुरे झाले. तेथे ट्रॅपची जाडी सुमारे सव्वा किलोमीटर भरली, आणि खाली गाळखडक न लागता थेट ग्रॅनाइटी पाया लागला. एकाच राज्यात, एकाच नावाच्या खडकाखाली इतके भिन्न तळ निघाले.

गाविलगडची गोष्ट या दोहोंहून निराळी आहे. रांगेच्या दक्षिण पायथ्याने एक दीर्घ विभंग जातो. त्याच्या एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस पूर्णेच्या खोऱ्यातील शेकडो मीटर जाडीचा गाळ. या विभंगाच्या पट्ट्यात, पौषातील यात्रेमुळे परिचित असलेल्या बहिरमजवळ आणि मोर्शी तालुक्यातील सालबर्डी येथे, ट्रॅपखालचे गोंडवनी व लॅमेटा खडक उघडे पडलेले आहेत. म्हणजे येथे ट्रॅपखाली काय असू शकते हे पाहण्यास निसर्गानेच खिडक्या ठेवल्या आहेत. सालबर्डीस उष्ण झराही आहे. सातपुड्याच्या याच पायथ्याने पश्चिमेस गेल्यास जळगाव जिल्ह्यात उनपदेव लागते, ज्याच्या नावातच ‘ऊन’ ऐकू येते. तळाशी ज्वालामुखी धगधगत असल्याची कल्पना अशा झऱ्यांबाबत लोकांत असते. ट्रॅपचे उद्रेक ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांची ऊब केव्हाच निवाली. विभंगाच्या भेगांतून पावसाचे पाणी खोल उतरते, तेथे तापते व दुसऱ्या भेगेने वर येते, हे स्पष्टीकरण पुरेसे आहे. ते कोठवर उतरते हे काढावयाचे तर मार्गातील प्रत्येक खडकाची संवाहकता हवी; आणि वालुकाश्म व बेसाल्ट यांत ती फार भिन्न असते, हे फोर्ब्जच्या तापमापकांनीच दाखविले होते. झाकलेला वालुकाश्म शोधण्यास घनताही उपयोगी पडते. तो बेसाल्टहून बराच हलका असल्याने गुरुत्वमापनात त्याची खूण उमटते. एव्हरेस्टच्या ओळंब्याचे काम आज गुरुत्वमापक करतो, एवढेच.

साठवणुकीचा विचार अगदी अलीकडचा आहे. आइसलंडमधील हेल्लिशेइडी येथे पाण्यात विरघळविलेला कार्बन डायऑक्साइड २०१२ मध्ये बेसाल्टमध्ये सोडण्यात आला, आणि दोन वर्षांच्या आत त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक वायूचे कार्बोनेट खनिजांत रूपांतर झाल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. अमेरिकेतील वॉलुला येथे २०१३ मध्ये सुमारे एक हजार टन वायू बेसाल्टमध्ये सोडला गेला. तेथेही पुढे कार्बोनेटच्या गाठी सापडल्या. बेसाल्टमधील कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह यांच्याशी वायूचा संयोग होतो आणि तो दगडच बनतो, हे या योजनेचे मर्म. विशाखापट्टणम, मंगळुरू व पाडूर येथील खनिज तेलाच्या भूमिगत साठ्यांहून ही रीत अगदी वेगळी आहे. तेथे कठीण खडकात गुहा कोरून, भोवतालच्या भेगांतील पाण्याच्या दाबाने तेल आत कोंडलेले असते. खडक केवळ भिंतीचे काम करतो. येथे खडक हाच साठा.

तेव्हा पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेल्या दक्षिण ट्रॅपकडे संशोधकांचे लक्ष जावे यात नवल नाही. परंतु आइसलंडचा बेसाल्ट भूशास्त्रीय दृष्टीने कालचा, त्याच्या पोकळ्या बव्हंशी मोकळ्या. ट्रॅपच्या पोकळ्यांत मात्र कोट्यवधी वर्षांत झिओलाइट, कॅल्साइट व गारगोटी भरून राहिलेली आहे. जेथे वायूने शिरावयाचे ती जागा आधीच भरलेली असेल तर खडकाची एकूण जाडी कितीही असली तरी साठवणीची क्षमता अल्पच. ‘मांजऱ्या’ या शब्दात एकत्र राहिलेला भेद तो हाच. शिवाय वायू दाट अवस्थेत राहावा म्हणून तो साधारण ८०० मीटरांहून खोल सोडावा लागतो. किल्लारीसारख्या ३३८ मीटरच्या ट्रॅपमध्ये ते शक्यच नाही. पाण्यात विरघळवून सोडावयाचा तर एक टन वायूस सुमारे २५ टन पाणी लागते. दहा लाख टनांस अडीच कोटी घनमीटर.

हा शेवटचा आकडा वऱ्हाडात सहज वाचून पुढे जाण्यासारखा नाही. गाविलगडच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा व रेतीचा एक पट्टा आहे. डोंगरावर पडलेला पाऊस येथे मुरतो, आणि अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरूड या भागांतील संत्र्यांच्या बागा त्याच पाण्यावर उभ्या आहेत. उपसा इतका झाला आहे की विहिरींची खोली वर्षानुवर्षे वाढत गेली. दक्षिणेस पूर्णेच्या काठी खारपाणपट्टा. तेथील भूजल पिण्यास नव्हे, ओलितासही धड नाही. म्हणजे गोडे पाणी या अरुंद पट्ट्यातच आहे, विभंगही येथूनच जातो, आणि वर १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्पाखाली असलेले मेळघाटचे अरण्य आहे, जेथे वेधनयंत्र नेणे हा साधा प्रश्न नव्हे.

अशा ठिकाणी पार्यतेचे मापन प्रयोगशाळेतील बोटभर गाभ्यावर करून भागत नाही. भरीव बेसाल्टचा अखंड तुकडा जवळजवळ अपार्य ठरतो, आणि त्याच थरातील एक भेग विहीर भरून टाकते. म्हणून आधी गाभा थराच्या पत्त्यासह काढावा लागतो, त्याची घनता व संवाहकता भिजलेल्या स्थितीत मोजावी लागते, आणि त्यानंतर छिद्रातच पाणी कोंडून, दाब देऊन, ते किती व कोणत्या खोलीवर निसटते हे पाहावे लागते. हे पाणी निसटून जेथे जाते, तेथे चांदूर बाजारच्या कोणा बागाइतदाराची विहीर असू शकते; त्यामुळे अशा प्रयोगाच्या नोंदवहीत छिद्राच्या आकड्यांशेजारी आसपासच्या विहिरींची पाणीपातळीही त्याच तारखांनी लिहावी लागते.